शाळेतली जन्मतारीख

१९ एप्रिल

ही वही वांग्याच्या फवारणीच्या नोंदींसाठी घेतली होती. पाच पाने भरली, पुढची कोरी आहेत. मला मनातले बोलायला जमत नाही, म्हणून त्यांवर लिहितो.

आज सकाळी जऊळक्याहून नरेंद्र भाऊजी आले. सुचिताताई, माझी थोरली बहीण, जाऊन नऊ जूनला वर्ष होईल. मला वाटले वर्षश्राद्धाचे बोलायला आले. पण त्यांनी त्यांच्या मुलीचे, तनुजाचे, लग्न ठरवल्याचे सांगितले. तारीख चार जून.

आमच्याकडे घरात मृत्यू झाला की लेकीचे लग्न वर्षाच्या आत उरकतात, नाहीतर तीन वर्षे थांबावे लागते. भाऊजी तेच म्हणाले. "वर्षाच्या आत केलं त पुण्य लागते ताईले. आन् एक जूनले पोट्टी अठराची होते. कायदाही आपल्या बाजूनं."

मुलगा एकतीस वर्षांचा. पुसदकडचा. मंडप, डीजे, जनरेटर, सगळे घरचे. भाऊजींचेही जऊळक्यात बिछायत केंद्र आहे, गाद्या, खुर्च्या, पडदे भाड्याने देतात. व्यवसायाला व्यवसाय जुळतो असे त्यांचे म्हणणे.

मी विचारले, "तनुजा काय म्हणते?"

"ती काय म्हणन? बारावीचा निकाल लागायचा आहे आन् मंडपाचं स्थळ आलं. नशीब लागते."

भाऊजी दारू पीत नाहीत, तंबाखू खात नाहीत. बोलणे गोड. जाताना माझ्या बायकोच्या, अर्चनाच्या, हाती आंब्याची पिशवी दिली. अर्चनाने ती घेतली आणि आत नेऊन जमिनीवर ठेवली. आंबे अजून तिथेच आहेत. तिला विचारले तर म्हणाली, "मले गोड नाही लागत ते."

२४ एप्रिल

काल मेडशीच्या स्टँडवर सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या उतरवताना एका बाईचा आवाज ताईसारखा आला. मागे वळलो तर कोणी नव्हते.

मागच्या वर्षी याच दिवसांत ताई आमच्याकडे आली होती. एकटीच, पिशवीशिवाय. चार दिवस राहिली. एकदा वांग्याच्या ओळीत उभी राहून म्हणाली, "गोदामात लय गरम होते रे दिनेश. वरून टिन, खालून टिन."

मी समजलो, तिथे गाद्या मोजायचे काम असते, त्याचा त्रास. पाचव्या दिवशी मीच तिला मोटरसायकलवर जऊळक्याला सोडले. भाऊजींना बाजूला घेऊन म्हटले की गोदामात एक पंखा लावा. ते हसले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "लावतो ना, साळेबुवा. तुमची बहीण हाय."

नंतर दीड महिन्यात ती गेली. ऊन लागले. त्या आठवड्यात जिल्ह्यात आणखीही माणसे उन्हाने गेली, पेपरात आले होते.

पंखा लावला की नाही हे विचारायचे राहून गेले.

३० एप्रिल

दुपारी दोनच्या एसटीने तनुजा आली. फाट्यावरून चालत. एवढ्या उन्हात डोक्यावर ओढणीसुद्धा नव्हती. ओठ फुटलेले. अर्चनाने गूळ-पाणी दिले तर तिने तांब्या दोन्ही हातांच्या मनगटांनी धरला. तळव्यांना फोड आले आहेत. गरम शटरला हात लागला असावा.

लग्नाला नाही म्हणाली म्हणून भाऊजींनी तिला गोदामात बसवून ठेवले होते. परवा दुपारी आणि काल दुपारी. आज पडदे न्यायला गाडी आली, शटर उघडे राहिले, तशी निघाली.

अर्चना तिला पोटाशी धरून बसली. मी उठलो. विहिरीवर जाऊन मोटर बघून आलो. मोटर चालू होती.

१ मे

सकाळी मी तनुजाला समजावले. म्हटले, "दोन-चार दिवस राहा. मन शांत होऊ दे. मग मी येतो सोबत. भाऊजीसंग बोलतो. माह्यासमोर ते तुले काही करत नाहीत."

ती भाकरी खात होती. हात थांबला.

"तुमी सोडून द्यान मले?"

"सोडून म्हणजे, मी बोलीन ना त्याईच्यासंग."

तिने उरलेली भाकरी टोपलीत ठेवली. मला बरे वाटले की ओरडली नाही, रडली नाही. समजूतदार आहे. ताईसुद्धा अशीच होती.

दुपारी ती घरात दिसली नाही. अर्चना म्हणाली, अंगणवाडीकडे गेली.

२ मे

तनुजाने जे केले ते माझ्या ध्यानीमनी नव्हते. काल ती अंगणवाडीतल्या बेबीताईंकडे गेली आणि त्यांच्या फोनवरून मुलांच्या मदतीचा नंबर, एक शून्य नऊ आठ, लावला. बेबीताई न्यायालयाच्या विधी सेवेच्या स्वयंसेविकाही आहेत. लाल पाटी लावून शाळेत शिबिर घेतात, आम्ही सगळे आतापर्यंत हसत होतो.

आज त्या घरी आल्या, खाटेवर बसल्या आणि मला म्हणाल्या, "दिनेशभाऊ, चहा मागून करा. आधी हे ऐका. उद्या पोरीले वाशिमले नेऊन समितीपुढं उभं करा लागते."

"कोणती समिती?"

"बाल कल्याण समिती. कोर्टच समजा, पण खुर्च्या साध्या हायेत."

मी म्हटले, काहीतरी कागद करा की ती बापापासून मोकळी झाली, आपली आपण राहील. सिनेमात दाखवतात तसे.

बेबीताईंनी मान हलवली. "तसा कागद आपल्या इकडं नाही. अठराच्या आधी पोट्टी कोणाच्या तरी ताब्यात राह्यते. बापाच्या, नाही त कोर्टानं नेमलेल्या पालकाच्या, नाही त समितीनं ठरवलेल्या माणसाच्या. ताबा बदलता येते. पालक नेमायचा अर्ज जिल्हा कोर्टात करा लागते, त्याले महिने जातात. समिती लवकर ठरवते. लेकराचं म्हणणंही ऐकते."

"आन् लग्न?"

"ती अठराच्या आत असती त ग्रामसेवकापासून सगळे आले असते थांबवाले. पण चार जूनले ती कागदावर अठरा वर्ष तीन दिवसाची होते. बापानं हिशोबानंच तारीख काढली."

ती कागदावरची तारीख माझी आहे.

तनुजाचा खरा जन्म तेवीस डिसेंबरचा. पहिलीत नाव घालायला मीच गेलो होतो, घरात अर्ज भरता येणारा मी एकटा. गुरुजी म्हणाले, वय भरत नाही, पुढच्या वर्षी आणा. ताई व्हरांड्यात उभी होती. ती म्हणाली, "दिनेश, बसव तिले शाळेत. दिवसभर घरात नको." मी एक जून लिहिले. सगळेच लिहितात. अर्ध्या मेडशीचा वाढदिवस एक जूनला येतो.

बेबीताईंना मी हे सांगितले नाही. उद्या सांगेन.

३ मे

वाशिमला सकाळी अकराला पोचलो. समितीच्या बाईंनी तनुजाला आत घेतले आणि मला बाहेर बाकावर बसवले. दीड तास. मी सोबत आधार कार्ड, सातबारा, घराचा फोटो, अर्चनाचे सहीचे पत्र, सगळे आणले होते. बेबीताईंनी सांगितल्याप्रमाणे अर्ज लिहिला होता की मी सख्खा मामा, मुलीला सांभाळायला तयार आहे.

बाई बाहेर आल्या. म्हणाल्या, "मुलीला सध्या बालगृहात पाठवत आहोत. इथे सोय नाही, शेजारच्या जिल्ह्यात जावे लागेल."

मी म्हटले, "मॅडम, घर आहे. मामी आहे. खायला कमी नाही."

"तुमच्या घरात काही खोट नाही. पण मुलीचे म्हणणे वेगळे आहे."

"काय म्हणणं?"

"ते तिने आम्हाला सांगितलेय."

मला काही समजेना. पहिल्यांदा वाटले, भाऊजी आमच्या घरी येऊन तमाशा करतील म्हणून ती भीत असेल. मग वाटले, आमचे घर लहान, एकच खोली पंख्याची. गाडीत बसताना तनुजाला म्हटले, "वरच्या खोलीत कूलर बसवतो. तू फक्त हो म्हण."

तिने अर्चनाने दिलेली पिशवी मांडीवर ठेवली. म्हणाली, "मामा, राहू द्या."

घरी येऊन अर्चनाला सांगितले. विचारले, काहून नाही म्हणाली असेल. ती पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "मले नका विचारू. तुमी सवताले विचारा."

मी विचारले. मग फवारणीचा पंप धुवून ठेवला.

५ मे

निकाल. तनुजाला एकाहत्तर टक्के. शाळेतून फोन आला तो आमच्याकडे. तिला बालगृहात कळवले.

९ मे

जऊळक्याच्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना भेटलो. खरे सांगितले, की तारीख मी चुकीची दिली, ग्रामपंचायतीत जन्माची नोंद तेवीस डिसेंबरची आहे, दुरुस्त करा. माझा बेत सोपा होता. तारीख दुरुस्त झाली की ती अल्पवयीन ठरेल, लग्न बेकायदा होईल, माझी चूक निघून जाईल.

त्यांनी चष्मा काढला. "दहावीची सनद निघाली, दिनेशराव. आता शाळेच्या हातात काही नाही. बोर्डाकडे जा, कोर्टाकडे जा. सहा महिने, वर्ष."

"समिती ग्रामपंचायतीचा दाखला धरणार नाही?"

"आधी शाळेचा धरतात. सनद असल्यावर बाकी मागं."

म्हणजे एक जूनला समितीचा आदेश संपतो. तिला बालगृहाच्या दारात उभे करतील, आणि बाहेर बाप उभा असेल. मी दुसऱ्यांदा कोणाचे एवढे मोठे नुकसान केले. पहिले कोणते, हे लिहिता लिहिता मी थांबलो. दुसऱ्यांदा असे का लिहिले, माहीत नाही.

१४ मे

भाऊजी आले. पत्रिका घेऊन. छापून झाल्या आहेत. तनुजाच्या नावापुढे "चि. सौ. कां." आणि खाली आमचे नाव, मामा म्हणून.

"पोट्टीले पळवून लावली तुमी, मी पोलिसात देऊ शकतो. पण देत नाही. रक्ताचं नातं हाय." खुर्चीवर आरामात बसले होते. "एक जूनले समिती संपते. त्या दिवशी बारा वाजता मी गेटवर उभा राह्यतो. कोण अडवते पाहतो. बापाले बापाची पोट्टी नाही देत का?"

अर्चना म्हणाली, "गोदामात कायले कोंडलं होतं तिले?"

"कोंडलं? दार लावलं. घरात लेकीले कोणी दार लावत नाही का, वहिनी? तुमची अक्कल तुमच्याजवळ ठेवा. दिनेश बोलला तर बोलू द्या. तो शिकलेला हाय."

मी पत्रिका उचलून फळीवर ठेवली. ते गेल्यावर अर्चना म्हणाली, "मागच्या वर्षी तुमी काय बोलले होते, ते आठवते का?"

"पंखा लावा म्हटलं होतं."

"हाव," ती म्हणाली. "तेच."

आज जेवण गेले नाही. मी गोदामाचे टिन किती तापते याचा विचार करत राहिलो. दुपारी मोटरच्या डब्याला हात लावला आणि झटक्याने मागे घेतला. तनुजाचे हात मी चार दिवस फक्त फोड म्हणून पाहिले होते.

१८ मे

बालगृहात भेटीचा दिवस. बेबीताई सोबत होत्या. तनुजाचे हात भरत आले आहेत. तिच्यासोबतच्या दोन मुली आम्हाला बघून हसत होत्या, एकीने विचारले, "हे मामा का तुझे?" तनुजाने मान डोलावली.

मी तिला तारखेचे सगळे सांगितले. मी लिहिलेली, मी बिघडवलेली. म्हटले, बोर्डाकडे अर्ज करतो, वकील बेबीताई मिळवून देतील, विधी सेवेचा फुकट असतो.

ती म्हणाली, "नका करू."

"अग पण खरी तारीख..."

"खरी धरली तर मी डिसेंबरपर्यंत कोणाच्या तरी ताब्यात. शाळेची धरली तर एक जूनले कोणाच्याच नाही." तिने बोटांवर मोजले नाही, पण मोजून ठेवलेले होते. "मामा, सात महिने कमी होतात ना. तुमी लिवली ते बरं केलं."

"पण तेव्हा तुझा बाप गेटवर..."

बेबीताई म्हणाल्या, "असू द्या. बाप येऊ शकते. पण ताबा मागाले त्याच्याजवळ काही राह्यत नाही. अठरा झाली की ती आपली मालक. जबरदस्ती केली त पोलीस. आन् घरातल्या छळाचा अर्ज लेकही बापाच्या विरोधात करू शकते, त्याले वय लागत नाही. तिनं परवाच विचारून ठेवलं."

मला पटायला वेळ लागला. मी पुन्हा विचारले, पुन्हा त्यांनी तेच सांगितले. सतरा वर्षांची मुलगी हे बसून समजून घेत होती आणि मी एवढे दिवस रडवेला होऊन तिची तारीख खोडायला निघालो होतो.

मग मी तो प्रश्न विचारला. की माझ्याकडे का नको म्हणालीस.

ती खिडकीकडे बघत होती. "तुमाले राग येईन."

"नाही येत."

"आई पाचव्या दिवशी गाडीवर मागं बसली होती. मी घरी वाट पाहत होतो. गाडीचा आवाज आला तर मले वाटलं तुमी मले न्यायाले आले. आई उतरली. तुमी चहा प्याले आन् गेले."

तिच्या आवाजात काही चढउतार नव्हता. बेबीताई बाटलीचे झाकण फिरवत बसल्या.

"मले माहीत नव्हतं ना बेटा," मी म्हटले.

"हाव. म्हणूनच."

२६ मे

आज पोलीस ठाण्यात जाऊन मी जबाब दिला. मागच्या वर्षी ताई आली तेव्हा काय म्हणाली, मी काय ऐकले, काय समजलो. ठाणेदारांनी विचारले, एवढ्या उशिराने का? मी म्हटले, तेव्हा मला वाटले ऊन लागले. ते म्हणाले, डॉक्टरांनीही तेच लिहिले असेल. मी म्हटले, लिहिले आहे. त्यांनी ते टिपून घेतले. पुढे काय होईल मला माहीत नाही. तनुजाचा अर्ज त्यांच्याकडे आधीच आला आहे.

घरी आलो तर अर्चनाने जेवण वाढले. विचारले नाही. मी सांगितले तेव्हा म्हणाली, "बरं."

१ जून

अकराला बालगृहाच्या गेटवर पोचलो. भाऊजी आधीच होते. सोबत त्यांचा चुलतभाऊ आणि पुसदच्या स्थळाचे एक वयस्क गृहस्थ. गाडीला फुले लावलेली नव्हती, पण मागच्या सीटवर नवी साडी ठेवलेली दिसली. बेबीताईंनी अर्ज दिला होता म्हणून एक महिला पोलीस शिपाई बाकावर बसून होत्या.

बाराला अधीक्षिका तनुजाला घेऊन आल्या. हातात एक पिशवी आणि प्लास्टिकमध्ये सनद.

भाऊजी पुढे झाले. आवाज अगदी मऊ. "चाल व बेटा. घरी लोकं जमले हायेत. आईचं वर्ष आहे. आपण झालं गेलं सोडू."

"आईचं वर्ष मी करीन," ती म्हणाली. "तुमच्या घरी नाही."

"पाहुणे पाहून राह्यले, तनुजा."

"पाहू द्या."

चुलतभाऊ म्हणाला, "पोट्टीची जीभ पाहा." शिपाईबाई उठल्या. तनुजाने प्लास्टिकमधून सनद काढून त्यांच्या हातात दिली. बाईंनी तारीख वाचली, मोबाईलवरची आजची तारीख वाचली, आणि म्हणाल्या, "झाली अठराची. आता तिच्या मर्जीनं."

भाऊजी माझ्याकडे वळले. पहिल्यांदाच चेहऱ्यावरचे हसू गेले. "दिनेश, सांग हिले. तू मामा हायेस. तूच तर हिचा दाखला केला."

मला बोलायला जमत नाही. माझ्या तोंडून एवढेच निघाले, "ती नाही म्हणते ना, भाऊजी."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी नजर खाली घातली नाही. मग पुसदचे गृहस्थ गाडीत जाऊन बसले.

मी तनुजाला म्हटले, गाडी आहे, कुठे जायचे ते सांग, मी पोचवतो. ती बेबीताईंच्या रिक्षात बसत होती. वसतिगृह, नर्सिंगचा अर्ज, सगळे त्यांनी ठरवले आहे एवढे मला कळले.

"नको मामा. मी बेबीताईसंग जातो."

"पत्ता तरी?"

"मी फोन करीन. पत्ता आता नाही सांगत तुमाले."

मी बेबीताईंकडे पाहिले. त्या रस्त्याकडे बघत होत्या. विचारले असते तर कदाचित त्यांनी सांगितले असते. विचारले नाही. रिक्षा गेली.

४ जून

दुपारी भाऊजी आले. एकटे. अर्चनाने पाणी दिले नाही, मी दिले. खाटेवर न बसता उभेच.

"पोट्टी कुठं हाय?"

"माहीत नाही."

"दिनेश. खरं सांग."

"माहीत नाही, भाऊजी."

"ताईची शपथ घे."

मी घेतली. ते माझ्या तोंडाकडे पाहत होते, आणि मला कळले की त्यांना माझे बोलणे खरे वाटले. आयुष्यभर त्यांनी मला जे विचारले ते मी सांगितले होते, आणि आजही तेच झाले. ते वळले, चपला शोधल्या आणि गेले.

अर्चना आतून बाहेर आली. "खरंच नाही माहीत तुमाले?"

"नाही."

ती दारात उभी राहिली, आणि मग म्हणाली, "पोट्टी हुशार हाय."

संध्याकाळी वांग्याला पाणी दिले. मागच्या फवारणीला आज आठ दिवस झाले, उद्या पुन्हा फवारणी.

८ जून

अनोळखी नंबरवरून फोन. तनुजा. हात पूर्ण बरे झाले. नर्सिंगचा फॉर्म भरला, वयाचा पुरावा म्हणून तीच सनद लागली. उद्या ताईच्या वर्षाला नैवेद्य करते म्हणाली, वरण-भात आणि वांग्याची भाजी, वसतिगृहातल्या मुलीच करणार आहेत, मेसची ताई परवानगी देते.

मी विचारले, "वांगी मेडशीची पाठवू का?"

"कशी पाठवान? पत्ता कुठं हाय तुमाले?"

आणि हसली. एवढ्या दिवसांत तिचे हसू पहिल्यांदा ऐकले. मीही हसलो, मग ती म्हणाली, "मामा, इथलीच घेतली. चांगली हायेत."